ज्योत विझली म्हणजे वायू थांबला का?

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्रीच्या अमेरिकेचा उपग्रहातून टिपलेला फोटो आला. उत्तर डाकोटा राज्यात, जिथे गाव शोधावं लागतं, तिथे एखाद्या महानगराएवढा झगमगाट. त्यात दिवे आहेतच, पण बॅकन तेलक्षेत्रातल्या विहिरींवर जळणारा वायूही आहे. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘या ज्योती विझवल्या की प्रदूषण बंद. एवढं साधं त्यांना कळत नाही?’ मी उत्तर टाइप करायला घेतलं, ते आवरेना, म्हणून हा लेख.

सोड्याची बाटली उघडली की फसफस होते, तसंच तेल वर आलं की दाब उतरतो आणि त्यात विरघळलेला वायू सुटतो. त्यात मुख्यतः मिथेन. तेल टँकरमध्ये भरून नेता येतं, वायूला नळ (पाइपलाइन) लागतो. तो पोचलेला नसेल किंवा अपुरा पडत असेल, तर उंच पाइपच्या टोकाशी वायू पेटवून देतात. हे फ्लेअरिंग. आपल्याकडे 1974 साली बॉम्बे हायला तेल लागलं, तिथेही सुरुवातीच्या वर्षांत भरपूर वायू असाच जाळावा लागला. आता तो समुद्राखालच्या नळांतून उरणला येतो.

पण तसाच सोडण्याऐवजी जाळायचा कशाला? एक किलो मिथेन पूर्ण जळला तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोच न जळता हवेत गेला, तर पुढच्या वीस वर्षांत तो सुमारे ऐंशी किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून जाळणं बरं. पण पूर्ण जळला तर!

आता माझ्या आवडीचा भाग. घरच्या शेगडीत बर्नरच्या आधी, नळीच्या तोंडाशी एक भोक असतं. गॅसचा झोत तिथून हवा आत ओढतो आणि मिश्रण तयार होऊनच वर येतं, म्हणून ज्योत निळी. त्या भोकात झुरळ अडकलं की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं. साध्या फ्लेअरला अशी आधी मिसळायची सोय नसते. वायू बाहेर पडतो आणि उघड्यावर हवा शोधत जळतो. त्यात मिथेन नखरेल: हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असेल तरच तो पेट घेतो. कमी असेल तर मिश्रण विरळ, जास्त असेल तर प्राणवायू अपुरा.

आता आडवा वारा सुटला असं समजा. ज्योत वाकते, तिच्या वाऱ्याआडच्या बाजूला भोवरे उठतात आणि वायूचे लचके तोडून नेतात. त्या लचक्यात हवा घुसते, प्रमाण पाचाखाली येतं, तापमान उतरतं. मिथेनचं जळणं ही साखळी असते: हायड्रॉक्सिलसारखे हपापलेले कण मिथेनचा एक हायड्रोजन ओढतात, उरलेल्या तुकड्यापासून फॉर्माल्डिहाइड, मग कार्बन मोनॉक्साइड, मग डायऑक्साइड. हे हपापलेले कण पुरेशा उष्णतेतच भराभर तयार होतात. लचका थंड पडला की साखळी तुटते आणि मिथेन जसाच्या तसा निसटतो. धूर नाही म्हणजे सगळं छान, असंही नाही. काही मोठ्या फ्लेअरमध्ये धूर मारायला वाफ सोडतात. ती जास्त झाली की ज्योत दिसायला स्वच्छ, पण जळण अर्धवट.

इतकी वर्षं हिशेबात 98 टक्के मिथेन जळतो असं धरत. मिशिगन विद्यापीठाच्या आणि इतर संशोधकांनी बॅकन, पर्मियन आणि ईगल फोर्ड या तेलक्षेत्रांवर विमानातून मोजमाप केलं. 2022 साली निष्कर्ष आला: प्रत्यक्षात सुमारे 91 टक्के. सात टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण निसटणारा वायू 2 वरून 9 झाला, साडेचारपट. शंभर किलो मिथेनमागे वीस वर्षांच्या हिशेबाने आधीचा ताप जळलेल्याचा 270 अधिक निसटलेल्याचा 160, म्हणजे 430 किलो कार्बन डायऑक्साइडइतका. आता 250 अधिक 720, म्हणजे 970. ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा निसटलेला मिथेन तिप्पट भारी.

त्या निसटण्यात मोठा वाटा विझलेल्या फ्लेअरचा. पेटवणारी छोटी ज्योत वाऱ्याने गेली, तर वायू गुपचूप बाहेर येत राहतो. आणि गंमत अशी की उपग्रह फ्लेअर मोजतो तो तिच्या आगीवरून. ज्योत साधारण 1,800 केल्विनची, त्यामुळे तिचं प्रारण 1.6 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वात तीव्र. रात्री त्या पट्ट्यात ती ठळक दिसते. विझलेली फ्लेअर मात्र तिथे दिसतच नाही. नकाशावर ती ‘सुधारलेली’!

आता जमिनीचा प्रश्न. न्यू मेक्सिको राज्यात, पर्मियन तेलक्षेत्रावरच्या कार्ल्सबाडच्या आसपास बरीच जमीन अमेरिकी केंद्र सरकारची, म्हणजे जनतेची. तिथल्या वायूवर सरकारला रॉयल्टी मिळते. 1920 च्या खाणपट्टा कायद्यानुसार तेल-वायूची नासाडी टाळण्याची खबरदारी कंपनीवर बंधनकारक आहे. पण ‘अटळ’ ठरलेल्या नासाडीवर रॉयल्टी नाही, आणि अटळ कशाला म्हणायचं यावरच सगळं भांडण. या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने 2016 साली नियम कडक केले, 2020 साली न्यायालयाने ते उडवले. 2022 च्या कायद्याने जाळलेल्या वायूवरही बहुतांशी रॉयल्टी लावली, 2025 साली तीही गेली. खुद्द न्यू मेक्सिको राज्याचा नियम जास्त सरळ आहे: 2026 अखेर 98 टक्के वायू पकडा.

अलीकडे विहिरीजवळ संगणकांचे कंटेनर ठेवून, त्या वायूवर चालणाऱ्या जनरेटरच्या विजेने बिटकॉइन काढणारे स्वतःला पर्यावरणरक्षक म्हणवतात. उघड्यावर जाळण्यापेक्षा इंजिनात जाळणं बरं, इतकंच. उद्या कुणी फ्लेअरलाही ज्वालादेवी म्हणेल. कांगड्याच्या ज्वालामुखी मंदिरातली ज्योत नैसर्गिक वायूचीच आहे. अझरबैजानमधल्या बाकूजवळच्या आतेशगाह मंदिरात तर देवनागरी शिलालेख आहेत. भोवतालचा वायू उपसला गेल्यावर 1969 साली तिथली ज्योत विझली. आता ती नळाने आणलेल्या गॅसवर चालते.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं: विझवू नका, आधी नळ टाका, आणि नळ येईपर्यंत पेटवणाऱ्या ज्योतीत तापमान मोजणारी तार बसवा, ती थंड पडली की घंटा वाजू दे. त्यावर एक अंगठा आला. त्याखाली लगेच पाण्याच्या टँकरची वेळ.