सेन्सर लावून परकायाप्रवेश

व्हर्च्युअल आयडॉलचा, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्टारचा, विषय निघाला की समोरचा हमखास म्हणतो, म्हणजे एआय ना ते, आणि मला दरवेळी तिथेच थांबवून सांगावंसं वाटतं की नाही हो, बहुतेक वेळा त्यात एक जिवंत माणूस असतो, अंगाला चिकटलेला सूट घालून एका रिकाम्या स्टुडिओत घामाघूम होईपर्यंत नाचणारा. चेहरा चित्रातला असला तरी हसणं कोणाचं तरी खरंखुरं असतं. आणि गंमत म्हणजे आपल्या मेंदूला ते कळतं.

कसं कळतं ते सांगतो. १९७३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध केला. एका माणसाच्या खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघे, घोटे अशा सांध्यांवर मिळून दहा-बाराच चमकते ठिपके लावले आणि शूटिंग असं केलं की पडद्यावर फक्त ते ठिपके दिसतील, बाकी सगळा काळोख. माणूस स्थिर असला की बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही, नुसते इकडेतिकडे विखुरलेले ठिपके. पण तो चालायला लागला की क्षणात, अक्षरशः सेकंदाच्या एखाद्या तुकड्यात, बघणारा म्हणतो अरे हा तर चालणारा माणूस. पुढे १९७७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की एकमेकांना ओळखणारे लोक नुसत्या अशा ठिपक्यांवरून हा आपला अमका मित्र चाललाय हेही बऱ्यापैकी ओळखू शकतात. चेहरा नाही, कपडे नाहीत, आवाज नाही, फक्त चाल.

आता मोशन कॅप्चर, म्हणजे त्या सूटमधल्या माणसाची हालचाल टिपून चित्रात उतरवणं, म्हणजे काय तर जवळजवळ तेच ठिपके, फक्त बघणारा माणूस नाही, कॅमेरा. सूटवर छोटे परावर्तक गोळे असतात, खोलीच्या चारी बाजूंनी इन्फ्रारेड कॅमेरे असतात, आणि एकच गोळा किमान दोन कॅमेऱ्यांना दिसला की दोन दिशांवरून त्याची नेमकी जागा काढता येते. हेच काम सेकंदाला साठ-साठ, कधी त्याहून जास्त वेळा चालतं. चेहऱ्यासाठी हेल्मेटला किंवा समोर स्टँडवर एक फोन लावलेला असतो. २०१७ मध्ये आलेल्या आयफोन एक्सपासून हे खूप स्वस्त झालं, कारण तो फोन चेहऱ्यावर ३०,०००पेक्षा जास्त अदृश्य इन्फ्रारेड ठिपके टाकतो आणि त्यावरून चेहऱ्याच्या हालचालींचे ५२ आकडे काढून देतो, प्रत्येक आकडा ० ते १च्या मधला. जबडा किती उघडला, डावी भुवई किती वर गेली, गाल किती फुगला. म्हणजे तुमचं हसू आधी आकडे बनतं आणि मग पडद्यावरच्या मोठ्या डोळ्यांच्या चित्रातल्या मुलीच्या चेहऱ्यावर परत हसू बनून उमटतं.

खरी डोकेदुखी इथून पुढे असते. अवताराचं, म्हणजे पडद्यावरच्या त्या पात्राचं, डोकं मोठं, पाय लांब, कंबर नको इतकी बारीक, आणि आतला माणूस तुमच्याआमच्यासारखा. त्याने गालावर हात ठेवला की अवताराचा हात थेट गालातून आरपार जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक सांध्याचा हिशोब नव्या मापाच्या शरीरावर बसवावा लागतो, तोही लाइव्ह, ६० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर एका फ्रेमला जेमतेम १७ मिलिसेकंद. त्यात आवाज माइकमधून लगेच पोचतो आणि चित्र मागून येतं, त्यामुळे आवाज मुद्दाम थोडा रोखून धरतात, नाहीतर ओठ आणि शब्द जुळत नाहीत आणि सगळा खेळ तिथेच संपतो.

हा खेळ आधी एकदा संपलेलाही आहे. १९९६ मध्ये जपानच्या होरीप्रो या मोठ्या टॅलेंट एजन्सीने क्योको दाते नावाची थ्रीडी मुलगी आयडॉल म्हणून आणली, सिंगल काढलं, गाजावाजा केला, आणि ती टिकली नाही. तेव्हाच्या कॉम्प्युटरवर थोडीशी हालचाल बनवायलाही प्रचंड वेळ आणि पैसा लागायचा आणि तरी ती जड, लाकडी वाटायची. जपानचेच रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्येच लिहून ठेवलं होतं की माणसासारखी दिसणारी वस्तू जसजशी माणसाच्या जवळ जाते तसतशी आवडायला लागते, पण अगदी जवळ पोचून थोडीशी चुकली की एकदम अंगावर काटा येतो. मला वाटतं आजचे आयडॉल कार्टूनसारखे काढतात त्याचं एक कारण हेच आहे, त्यांचा चेहरा माणसाचा असल्याचा दावाच करत नाही, मग मेंदू चुका शोधत बसत नाही आणि सगळं लक्ष हालचालीकडे आणि आवाजाकडे जातं.

आवाजावरून अर्थातच आठवते ती जपानची व्हर्च्युअल गायिका हात्सुने मिकू. ३१ ऑगस्ट २००७ ला साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीने ती बाजारात आणली, आणि हे लक्षात घ्या की ती गायिका म्हणून नाही, सॉफ्टवेअर म्हणून आली. पॅकेटवर हिरव्या-निळ्या दोन लांब शेंड्यांची सोळा वर्षांची मुलगी, आत यामाहाचं व्होकॅलॉइड, म्हणजे कॉम्प्युटरकडून गाऊन घेणारं इंजिन. साकी फुजिता या व्हॉइस आर्टिस्टने गाणी म्हटलीच नाहीत, तिने अक्षरांचे तुकडे रेकॉर्ड केले. एक उदाहरण घेऊ, साकुरा हा जपानी शब्द. आपल्याला वाटेल सा, कु, रा असे तीन तुकडे पुरतील, पण तसं जोडलं तर आवाज दर ठिकाणी अडखळतो, कारण आपलं तोंड एका ध्वनीवरून दुसऱ्यावर घसरत जातं आणि ती घसरणच खरी बोलण्याची ओळख असते. म्हणून तुकडे जोडावर कापत नाहीत, ध्वनीच्या मधोमध कापतात: शांततेतून स, स पासून आ, आ पासून क, क पासून उ, असे जोड-तुकडे साठवतात. जपानीला एका पट्टीसाठी साधारण ५०० तुकडे पुरतात, इंग्रजीला २,५००च्या आसपास लागतात. मग घरी बसलेला कोणीही स्वर टाकतो, शब्द टाकतो, कंप किती, श्वास कुठे हे हाताने ओढून ओढून ठरवतो, आणि मिकू गाते.

तर मिकूच्या आत कोणी एक माणूस नाही, हजारो आहेत. तिची गाणी कंपनीने नाही, लोकांनी लिहिली, दुसऱ्यांनी चित्रं काढली, तिसऱ्यांनी नाच बसवला, आणि पैसे कमावणार नसाल तर तिचं चित्र वापरायला कंपनीने लोकांना बऱ्यापैकी मोकळीक दिली. २०१० मध्ये शुक्राकडे निघालेल्या जपानच्या आकात्सुकी यानावर चाहत्यांच्या मागणीवरून मिकूची चित्रं कोरलेल्या धातूच्या पट्ट्या गेल्या, हे वाचल्यावर मी खरंच दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

तिच्या कॉन्सर्टला सगळे होलोग्राम म्हणतात, पण ते होलोग्राम नसतं. स्टेजवर जवळजवळ पारदर्शक पडदा उभा असतो आणि मागून प्रोजेक्टर प्रकाश टाकतो, पडदा त्यातला थोडा प्रेक्षकांकडे पसरवतो, बाकी काळोखामुळे पडदा दिसत नाही आणि मुलगी हवेत उभी वाटते. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, काळा म्हणजे प्रकाश नाही, त्यामुळे काळ्या जागेतून मागचं स्टेज दिसायला लागतं. शेजारी मात्र हाडामांसाचे वादक असतात, आणि माझ्या मते अर्धी जादू तीच, ड्रमरचा घाम बघून तुम्ही मिकूवरही विश्वास ठेवता. २०२४ च्या उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यात त्या पडद्याऐवजी साधा एलईडी स्क्रीन वापरला तेव्हा चाहते भयंकर नाराज झाले, कारण त्यावर तीच मिकू नुसता व्हिडिओ वाटत होती.

२०१६ च्या शेवटी किझुना आई (Kizuna AI) नावाची चित्रातली मुलगी यूट्यूबवर आली, स्वतःला व्हर्च्युअल यूट्यूबर म्हणवणारी, आणि गाडी मिकूच्या उलट्या दिशेने निघाली: इथे आत एकच माणूस, गप्पा मारणारा, गेम खेळणारा, चुकणारा. जपानीत त्याला नाकानोहितो म्हणतात, आतला माणूस. २०१९ मध्ये किझुनाच्या त्याच चेहऱ्याला वेगवेगळ्या माणसांचे आवाज दिले गेले तर चाहते बिथरले. चेहरा तोच, कपडे तेच, तरी लोक म्हणाले ही ती नाही. मला हे योहान्सनच्या ठिपक्यांसारखंच वाटतं, लोक चित्रावर नाही, त्या लकबीवर, थांबून बोलण्यावर, हसण्याच्या टायमिंगवर जीव लावून बसले होते. चीनमध्ये ए-सोल या व्हर्च्युअल ग्रुपच्या एका मेंबरने मे २०२२ मध्ये काम थांबवलं तेव्हा तर चाहत्यांनी आतल्या मुलीला पगार किती, कामाचे तास किती असे प्रश्न उचलून धरले, आणि मला ते फार बरोबर वाटतं, कारण अवतार थकत नाही असं दिसलं की आतला माणूसही थकत नाही असं समजणं सोपं होतं.

पूर्ण एआय आयडॉलही आहेत, न्यूरो-सामा २०२२ च्या डिसेंबरपासून ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवर आहे आणि लोकप्रियही आहे, पण तिथेही सगळ्यात रंगतात ते तिचे आणि तिला बनवणाऱ्या माणसाचे खटके.

दक्षिण कोरियाचा प्लेव्ह हा पाच जणांचा ग्रुप मार्च २०२३ मध्ये आला आणि वर्षभरात टीव्हीच्या म्युझिक शोमध्ये पहिला नंबर मिळवणारा पहिला व्हर्च्युअल ग्रुप ठरला. त्यांच्याबद्दल कोणीतरी ऑनलाइन घाणेरडं लिहिलं, प्रकरण कोर्टात गेलं, लिहिणाऱ्याचं म्हणणं की ही तर काल्पनिक पात्रं, आणि २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की अवतारामागे खरी माणसं आहेत हे लोकांना माहीत असतं तेव्हा अवताराचा अपमान त्यांचाही अपमान होतो, पाच जणांना प्रत्येकी १ लाख वॉन भरपाई द्या.

याच ग्रुपच्या लाइव्हमध्ये कधीकधी दोघं एकमेकांच्या फार जवळ येतात, ट्रॅकिंग गोंधळतं आणि एखाद्याचा हात भलतीकडेच पिळवटून वळतो. मॅनेजर लोकांनी पूर्वी हा भाग कापून टाकला असता, आता चाहते त्याच क्लिप परत परत बघतात. हात तिकडे वाकडा फिरत असतो, बाजूचा ओरडत असतो अरे तुझा हात बघ, आणि ज्याचा हात तो हसून हसून वाकलेला असतो, आणि ते वाकणं मात्र अवतारात अगदी बरोबर उतरतं.