मेंदूविकार व मनोविकारविषयक विद्यापीठीय व्याख्याने, नाशिक

मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी विद्यार्थी, अध्यापक व नागरिकांशी केलेला जाहीर संवाद. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना 1998) नाशिकला म्हसरूळ येथे आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंग हे सगळे अभ्यासक्रम त्याच्या कक्षेत येत असल्याने येथील श्रोतृवर्ग मिश्र असतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे (1989) विद्यार्थी बहुधा नोकरी-संसार सांभाळून शिकणारे. त्यांचे प्रश्न पुस्तकापेक्षा घरातून आलेले असतात. गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेमुळे शहराला व्याख्यान ऐकण्याची सवय जुनीच आहे.

मेंदूचा आजार कोणता आणि मनाचा कोणता, हा प्रश्न सुरुवातीलाच येतो. इतिहास पाहिला तर ही सीमारेषा सरकत आलेली दिसते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत ‘जनरल पॅरालिसिस’चे (वेड आणि लकवा आणणाऱ्या आजाराचे) असंख्य रुग्ण असत. 1913 मध्ये त्यांच्या मेंदूत उपदंशाचे (सिफिलिसचे) जंतू सापडले, पुढे पेनिसिलीन आले आणि तो आजार मनोरुग्णालयांतून जवळजवळ नाहीसा झाला. फेफरे, म्हणजे अपस्मार, उलट दिशेने अडकून पडले होते: आजार मेंदूचा, पण गणना वेडाशेजारी. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्मारही विवाहाला बाधक ठरवला गेला; तो शब्द 1999 मध्ये वगळला. कायदा बदलून पाव शतक लोटले, तरी स्थळ पाहताना ‘फिट येते’ ही गोष्ट आजही लपवली जाते आणि लग्नानंतर मुलीच्या गोळ्या चोरून घेतल्या जातात, नाहीतर अजिबात घेतल्या जात नाहीत. याचे परिणाम गंभीर असतात. वास्तविक योग्य औषधोपचाराने सुमारे 70 टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात.

फिटचा प्रथमोपचार सांगण्यापेक्षा करून दाखवणे अधिक उपयोगी पडते. एखाद्या विद्यार्थ्याला जमिनीवर निजवून डॉक्टर त्याला कुशीवर वळवतात, डोक्याखाली घडी केलेली ओढणी सरकवतात, कॉलरचे बटण सोडतात आणि घड्याळ बघायला सांगतात. झटका 5 मिनिटांपुढे लांबला, तर थेट दवाखाना. दातांत चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचाही उपयोग नसतो; झटका बहुधा एकदोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना चरकसंहितेतील उन्माद व अपस्मार ही वेगवेगळी प्रकरणे ठाऊक असतात, त्यामुळे त्यांच्याशी ही चर्चा अधिक रंगते.

भाजीपाल्याच्या या जिल्ह्यात ‘कोबीतून मेंदूत अळी जाते का?’ हा प्रश्न निघणे साहजिकच. डुकरात आढळणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात व भाजीवर येतात. ती पोटात गेल्यास अळ्या मेंदूत पोहोचून गाठी होतात. भारतात फिट येण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि शाकाहारी माणसालाही ते चुकत नाही. दोष कोबीचा नसून उघड्यावरील शौचाचा आणि न धुतलेल्या भाजीचा आहे.

मनोविकारांवरचे प्रश्न सहसा निनावी चिठ्ठ्यांवर येतात, आणि ही पद्धत जपायला हवी. ‘बाहेरची बाधा’ समजून मांत्रिकाकडे नेणे, ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा नातेवाइकांचा सल्ला, झोपेची गोळी यांबद्दल माणसे नाव घालून विचारत नाहीत. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हे आहेत. गोळ्यांच्या सवयीबद्दल सरसकट उत्तर देणे चूक ठरेल: झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्यांची सवय लागते, नैराश्यावरील औषधांची तशी चटक लागत नाही, मात्र तीही एकदम बंद करायची नसतात.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी एखादा मनोविकार होता आणि बहुतेकांवर उपचार चालू नव्हते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने उपचार मिळणे हा हक्क केला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असेही तो गृहीत धरतो. व्यासपीठावरून कोणाच्या औषधाचा डोस ठरवून दिला जात नाही. त्यासाठी तपासणीच लागते. तातडीच्या बोलण्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते.