शिकागो कब्सचा चाहता

अमेरिकेतील शिकागो शहराच्या उत्तर भागातला बेसबॉल संघ म्हणजे कब्स. त्याला घरचा संघ मानणारे लोक आणि ते घरचेपण जपण्याची त्यांची रीत हा या नोंदीचा विषय आहे. १८७६ साली नॅशनल लीग ही बेसबॉलची साखळी सुरू झाली तेव्हापासून हा संघ तिच्यात आहे. १९०८ साली विश्वमालिका, म्हणजे मोसमाअखेरची विजेतेपदाची मालिका, जिंकल्यावर पुढची जिंकायला २०१६ साल उजाडले. त्यामुळे ‘हरणाऱ्या संघाचे भोळे भक्त’ अशी या चाहत्यांची ओळख करून दिली जाते, पण ती अपुरी आहे. कब्सचा चाहता हा मुळात हजेरी लावणारा आणि नोंद ठेवणारा माणूस असतो. साखळीत प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो आणि चांगला संघही त्यांतले साठ-पासष्ट हरतो. एका दिवसाच्या हारजितीवर जीव टांगून ठेवणारा माणूस जूनपर्यंतच थकून जातो. टिकतो तो रोजचा खेळ रोज बघणारा.

मैदान

रिग्ली फील्ड हे मैदान १९१४ साली दुसऱ्याच एका संघासाठी बांधले गेले. कब्स तिथे १९१६ पासून खेळतात. ते राहत्या वस्तीच्या मधोमध आहे. वेव्हलँड आणि शेफील्ड या रस्त्यांवरच्या घरांच्या गच्च्यांवरूनही खेळ दिसतो. १९३७ साली मैदानाच्या विटांच्या भिंतीवर वेली चढवल्या गेल्या आणि त्याच वर्षी मधल्या भागात मोठा धावफलक उभा राहिला. आजही आत बसलेली माणसे त्यावरचे आकडे हाताने बदलतात. फलकाच्या माथ्यावर नॅशनल लीगच्या संघांचे झेंडे असतात आणि तेही गुणतक्त्याच्या क्रमाने लावलेले. रोज येणारा माणूस आधी झेंड्यांचा क्रम बघतो, मग खाली मैदानाकडे.

इथे दिवे आले ते थेट ऑगस्ट १९८८ मध्ये. दिव्यांसाठी आणलेले पोलाद मालकांनी दुसऱ्या महायुद्धात सरकारला देऊन टाकले होते. त्यानंतर दुपारी खेळणे हीच मैदानाची ओळख बनली. अजूनही बरेच सामने दुपारी १ वाजून २० मिनिटांनी सुरू होतात. शाळा सुटल्यावर धावत घरी येऊन सामन्याच्या नऊ इनिंगपैकी (डावांपैकी) शेवटच्या दोन-तीन टीव्हीवर बघत शिकागोच्या पिढ्या वाढल्या आहेत.

जागा, ऊन, वारा

होम प्लेट, म्हणजे फलंदाज उभा राहतो ती जागा, मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. बेस म्हणजे फलंदाजाने धावत गाठायचे टप्पे; होम प्लेटवरून पहिला बेस उजवीकडे, तिसरा डावीकडे. म्हणून दुपारच्या सामन्यात तिसऱ्या बेसच्या बाजूला आणि होम प्लेटच्या मागे सावली लवकर येते, तर पहिल्या बेसच्या बाजूला ऊन रेंगाळते. एप्रिलमध्ये ऊन हवेहवेसे असते, जुलैमध्ये नकोसे. तिकीट काढताना महिना बघून बाजू ठरवावी. खालच्या मजल्यावरच्या मागच्या रांगांतून वरचा मजला पेलणारे खांब आड येतात. अशी तिकिटे स्वस्त मिळतात, पण खांब नेमका पिचर (चेंडू टाकणारा) आणि फलंदाज यांच्या मध्ये आला तर तीन तास मान वाकडी करून बसावे लागते. शिवाय वरच्या मजल्याच्या छपरामुळे उंच उडालेला चेंडू तिथून दिसेनासा होतो. ब्लीचर्स म्हणजे मैदानाच्या पलीकडच्या टोकाचे उघडे बाक. तिथे छप्पर नाही, म्हणून टोपी आणि पाणी लागतेच.

मिशिगन सरोवर इथून सुमारे दीड किलोमीटरवर आहे. वसंतात सरोवरावरून येणारा वारा बोचरा असतो आणि शहरात दुपारी उबदार वाटत असले तरी मैदानावर जाकीट लागते. वाऱ्याची दिशा हा इथल्या खेळातला दहावा खेळाडूच आहे. आत वाहणारा वारा उंच फटके अडवतो, बाहेर वाहणारा त्यांना भिंतीपार नेतो. १७ मे १९७९ रोजी असाच बाहेरचा वारा होता आणि फिलाडेल्फियाने तो सामना दहा इनिंगमध्ये २३–२२ असा जिंकला. फलकावरचे झेंडे कुठे फडफडताहेत हे पहिल्या चेंडूआधीच बघून ठेवावे.

वेलींचाही नियम आहे. चेंडू पानांत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात. त्याने हात घालून चेंडू शोधायला सुरुवात केली, तर खेळ चालूच राहतो. एप्रिलमध्ये वेली निष्पर्ण, तपकिरी असतात. तेव्हा चेंडू विटांवर आपटून कुठेही उडतो.

स्कोअरकार्ड

जुने चाहते आत शिरताच कार्ड आणि पेन्सिल घेतात. पेन नको, कारण खोडावे लागतेच. कार्डावर प्रत्येक फलंदाजाला एक आडवी ओळ, प्रत्येक इनिंगला एक उभा रकाना आणि प्रत्येक चौकटीत एक छोटा चौकोन, कोनावर उभा केलेला. खालचा कोन होम प्लेट, उजवा पहिला बेस, वरचा दुसरा, डावा तिसरा. फलंदाज जसजसा पुढे सरकेल तसतशी बाजू गडद करायची. चारही बाजू झाल्या की धाव पूर्ण आणि चौकोन आतून भरायचा. महाराष्ट्रात शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हा आराखडा लगेच उमगतो.

क्षेत्ररक्षकांना ठरलेले आकडे आहेत : पिचर १, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, डावे मैदान ७, मधले ८, उजवे ९. शॉर्टस्टॉप तिसऱ्याच्या आधी येईल असे वाटते आणि नवशिका ५ नि ६ ची अदलाबदल हमखास करतो. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर, दोघे बाद, म्हणजे ६-४-३. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कब्सच्या टिंकर, एव्हर्स आणि चान्स या तिघांनी या आकड्यांच्या क्रमाला कीर्ती मिळवून दिली. मधल्या क्षेत्ररक्षकाने हवेतला झेल घेतला तर ८. तीन स्ट्राइकवर (फटकावण्याजोगे चेंडू हुकवून किंवा सोडून) बाद झाला तर इंग्रजी ‘के’; बॅट न फिरवता नुसता बघत बाद झाला तर तेच अक्षर उलटे.

चुका कुठे होतात तेही ठरलेले आहे. क्षेत्ररक्षक आपली जागा सोडून दुसरीकडे उभा असतो, तेव्हा लोक जागेचा आकडा लिहितात. आकडा खेळाडूच्या नेमणुकीचा लिहायचा, तो कुठेही उभा असो. एकाच इनिंगमध्ये नऊच्या नऊ फलंदाज खेळून पुन्हा पहिला आला तर एक रकाना पुरत नाही. अशा वेळी पुढचा रकाना वापरावा आणि वरचे इनिंगचे आकडे तिथल्या तिथे बदलावेत, नाहीतर नवव्या इनिंगपर्यंत सगळे एकाने सरकते. बदली खेळाडू आला की त्याच ओळीत खाली नाव आणि ज्या इनिंगला आला तिथे जाड उभी रेघ. २०२३ पासून पिचरवर घड्याळ आले आहे. बेस रिकामे असले तर पुढचा चेंडू १५ सेकंदांत येतो, त्यामुळे खोडरबर शोधायलाही वेळ नसतो. आधी आकडा लिहावा, चौकोन नंतर रंगवावा.

सामना संपल्यावर ताळा करतात. एका संघाचे जितके फलंदाज खेळायला आले, तितकीच बेरीज त्यांच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले आणि बाद झालेले यांची व्हायला हवी. समजा ३८ जण आले, तर ५ धावा, ६ अडकलेले, २७ बाद. जुळले नाही तर बहुधा अडकलेल्यांची मोजणी चुकलेली असते. घरचा संघ पुढे असेल तर तो नवव्यात फलंदाजीच करत नाही, तेव्हा त्याचे बाद २४ धरायचे. हे विसरून माणसे घरी जाईपर्यंत तीन चुका शोधत बसतात.

चेंडू हाती आला तर

प्रतिस्पर्ध्याचा होम रन, म्हणजे भिंतीपार गेलेला फटका, ब्लीचर्समध्ये पडला तर तो चेंडू परत मैदानात फेकायचा, ही इथली जुनी शिस्त. न फेकणाऱ्याला आजूबाजूचे ओरडून हैराण करतात. पुष्कळजण खिशात एक जुना चेंडू बाळगतात, तो फेकतात आणि खरा ठेवतात. पोरगे सोबत असेल तर तसे करावेच.

सीमेबाहेर जाणाऱ्या फाउल चेंडूची गोष्ट वेगळी आहे. कठड्याजवळ बसला असाल आणि आपला क्षेत्ररक्षक धावत येत असेल तर हात मागे घ्यावेत. चेंडू कठड्यावरून प्रेक्षकांत आलेला असेल तर पंच प्रेक्षकाचा अडथळा मानत नाहीत, म्हणून झेल गेला तो गेलाच. १४ ऑक्टोबर २००३ रोजी हेच घडले. फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये कब्स ३–० पुढे होते आणि आणखी पाच जण बाद केले की विश्वमालिकेत जाणार होते. डाव्या बाजूच्या फाउल चेंडूकडे अनेकांचे हात गेले, एकाचा लागला आणि झेल हुकला. पाठोपाठ शॉर्टस्टॉपकडून सोपा चेंडू सुटला, पिचर थकला आणि त्या इनिंगमध्ये आठ धावा गेल्या. पुढचा सामनाही कब्स हरले. पण राग निघाला तो त्या एका प्रेक्षकावर. त्याला संरक्षणात बाहेर न्यावे लागले आणि तो वर्षानुवर्षे लोकांपासून दूर राहिला. कब्सच्या चाहत्यांच्या इतिहासातली ही सर्वांत लाजिरवाणी रात्र. २०१७ मध्ये संघाने त्याला विजेतेपदाची अंगठी दिली, हे योग्यच झाले.

हार आणि २०१६

१९४५ च्या विश्वमालिकेत बोकड घेऊन आलेल्या एका गुत्तेवाल्याला बाहेर काढले आणि त्याचा शाप लागला, ही कथा फार सांगितली जाते. खेळ बघणारे वेगळी कारणे सांगतात : कमकुवत पिचर, काटकसरी व्यवस्थापन, १९६९ साली उन्हाळाभर आघाडीवर राहून शेवटी दमलेला संघ. त्या काळात ५१२ होम रन मारणारा अर्नी बँक्स एकदाही विश्वमालिका खेळला नाही. तरी ‘आज दोन सामने खेळू’ हे त्याचे बोलणे इथे आजही म्हटले जाते. सातव्या इनिंगच्या मध्ये सगळ्यांनी उभे राहून गाण्याचा प्रघात समालोचक हॅरी केरी यांनी इथे रुजवला. ते १९९८ मध्ये गेले, तेव्हापासून पाहुणा गातो.

२ नोव्हेंबर २०१६ रोजी क्लीव्हलँडमध्ये विश्वमालिकेचा सातवा सामना, नऊ इनिंगनंतर ६–६, मग १७ मिनिटे पाऊस आणि दहाव्यात कब्स ८–७ ने जिंकले. शेवटचा चेंडू तिसऱ्या बेसवरच्या ब्रायंटने उचलून पहिल्या बेसवरच्या रिझोला दिला. कार्डावर ५-३. नंतर रिग्लीच्या बाहेरच्या भिंतींवर लोकांनी खडूने नावे लिहिली, त्यांत हा दिवस न बघता गेलेल्या आईबापांची, आजीआजोबांची पुष्कळ होती.

येणे-जाणे

शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, उदाहरणार्थ नेपरव्हिलहून, लोकलने युनियन स्टेशनला येऊन चालत शहरातल्या रेल्वेची रेड लाइन गाठावी लागते, उतरायचे मैदानाजवळच्या अ‍ॅडिसन स्थानकाला. गाडी आणू नये, वस्तीत जागा मिळत नाही. सुटताना अ‍ॅडिसनवर झुंबड असते, म्हणून जाणते लोक दक्षिणेकडे बेलमाँटपर्यंत पंधरा मिनिटे चालत जातात. तिथे ब्राउन लाइनही मिळते. जिंकल्यास धावफलकावर पांढरा झेंडा चढतो, त्यावर निळा ‘डब्ल्यू’; हरल्यास निळ्यावर पांढरा ‘एल’. कामावरून रेड लाइनने परतणारा माणूस अ‍ॅडिसन आले की खिडकीतून तिकडेच बघतो.