शंका घेणं वेगळं, झिडकारणं वेगळं: पेट्रीचा सात नंबरचा दगड

"तांब्याच्या हत्यारांनी ग्रॅनाइट कापला म्हणे! तज्ज्ञ काहीही सांगतात." पिरॅमिडचा विषय निघाला की हे वाक्य येतंच; वेरूळच्या कैलासाबद्दलही असलंच काहीतरी ऐकू येतं. यात तज्ज्ञाचं गृहीतक तपासणं आणि तज्ज्ञालाच मोडीत काढणं, अशा दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. दोन्हींची सुरुवात एकाच प्रश्नाने होते, म्हणून गल्लत होते.

प्रश्न रास्तच आहे. मोस या शास्त्रज्ञाच्या कठीणतेच्या पट्टीवर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) तांबं जेमतेम ३ आणि ग्रॅनाइटमधली गारगोटी ७. नुसतं तांबं घासत बसलात तर झिजेल ते तांबंच.

इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री १८८० मध्ये इजिप्तमधल्या गिझाला पिरॅमिड मोजायला गेला तो शंकेखोर म्हणून नव्हे. पियाझी स्मिथ या नामांकित खगोलशास्त्रज्ञाच्या मते महापिरॅमिडच्या पायाच्या लांबीत वर्षाचे दिवस दडलेले होते, आणि पेट्रीच्या घरात या मताला मान होता. पेट्रीने पाया मोजला. स्मिथला हवा होता त्यापेक्षा तो सुमारे ६ फूट कमी भरला. पेट्रीने सिद्धान्त सोडला, माप ठेवलं.

तिथेच त्याला ग्रॅनाइटमध्ये नळीच्या ड्रिलने भोक पाडताना निघालेला गाभा मिळाला. हाच तो सात नंबरचा दगड, आता लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे. त्यावर गोल फिरत खाली उतरणारा चर आहे. सुमारे १५ सेंटिमीटरच्या एका वेढ्यात तो अडीच मिलिमीटर उतरतो, असं पेट्रीने १८८३ मध्ये छापलं. त्याचा निष्कर्ष: नळीच्या काठात कठीण रत्नं जडवलेली असणार.

आता पेट्रीच तज्ज्ञ झाला होता आणि शंका त्याच्यावर घ्यायची पाळी आली. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकासला रत्नांची कल्पना पटली नाही. मोकळी वाळू पुरेशी आहे, कापतात ते वाळूचे कण, तांबं त्यांना फक्त फिरवतं, असं त्याचं म्हणणं. पुढे डेनिस स्टॉक्सने तांब्याची नळी, वाळू आणि नळी फिरवायला धनुकली घेऊन हे हाताने करून पाहिलं. काम कंटाळवाणं, तांबंही भरपूर झिजतं, पण ग्रॅनाइट कापला जातो.

मला सगळ्यात आवडतो तो यातला दंतवैद्यकवाल्यांचा प्रवेश. लेनर्ड गोरेलिक आणि जॉन ग्विनेट यांनी प्राचीन भोकाचा ठसा घेऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि वेगवेगळी घर्षकं, म्हणजे घासून कापणारे पदार्थ, वापरून स्वतः भोकं पाडली. १९८३ च्या त्यांच्या लेखानुसार नुसत्या वाळूने तशा गोल रेघा उमटल्या नाहीत. एमरी किंवा कुरुंदासारख्या कठीण पदार्थांनी उमटल्या. म्हणजे 'तांबं आणि वाळू' या पाठ्यपुस्तकी उत्तराला पोचा आला, तोही प्रयोगातून.

ख्रिस्तोफर डन हा यंत्रकामातला माणूस. १९९८ च्या पुस्तकात त्याने तोच चर धरला: आजचं ड्रिल एका फेरीत याच्या कितीतरी कमी उतरतं, तेव्हा हे काम श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनिलहरींच्या ड्रिलचं असावं. डनची टर उडवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. चर खरंच मळसूत्री आहे की नुसती वेगवेगळी कडी आहेत असा वाद निघाला, तेव्हा त्याने संग्रहालयात जाऊन त्या चरात सुती दोरा गुंडाळून पाहिला. इथवर ती तपासणीच आहे.

गाडी घसरते ती पुढे. चराचा एक वेढा म्हणजे ड्रिलची एक फेरी, हे धरूनच त्याचा हिशेब उभा राहतो; पण नळी वर काढताना एखादा अडकलेला कणही असा ओरखडा उठवू शकतो. शिवाय ध्वनिलहरींच्या यंत्राचा एकही तुकडा नाही, त्याला लागणाऱ्या ऊर्जेची खूण नाही. तांब्याची खूण आहे: करवतीच्या कापांच्या कडांवर आणि आत राहिलेल्या वाळूच्या कणांवर हिरवा डाग पेट्रीनेच नोंदवला होता. महापिरॅमिड ज्याचा त्या खुफू राजाच्या ग्रॅनाइटच्या शवपेटीवर तर करवत जास्त खोल गेली, मागे घेतली, पुन्हा खोल गेली, असं दिसतं. ही चूक दमलेल्या कारागिरांची वाटते.

झिडकारणं काही फक्त हौशी लोक करतात असं नाही. 'हे कोडं केव्हाच सुटलंय' म्हणणारा अभ्यासकही तेच करतो. त्या काळची नळीची एकही तांब्याची ड्रिल आजवर उत्खननात मिळालेली नाही, हे वाळूवाल्यांनी मान्य करायला हवं. मिळाली, तर तिच्या काठात रुतलेले कण पाहून पेट्री की लुकास, हे बरंचसं ठरेल. कुरुंद निघाला तर तो कुठून आणला हा नवा प्रश्न येईल. ध्वनिलहरींचं म्हणणं मात्र काय सापडलं तर खोटं ठरेल, हे मला त्या मांडणीत कुठे दिसत नाही.