मोटारसायकलची आवरणे : उतरवणी व फेरजोडणी

मोटारसायकलच्या सांगाड्यावर, एंजिनाभोवती आणि आसनाखाली बसवलेली बाह्य आवरणे देखभालीसाठी उतरवून पुन्हा पक्की बसवण्याची पद्धती. कार्यशाळेच्या बोलीत या आवरणांना सरसकट कव्हर किंवा पॅनेल म्हणतात. वारा कापणाऱ्या पुढच्या व बाजूच्या आवरणाला फेअरिंग, एंजिनाच्या पोटाखालच्या आवरणाला बेली पॅन, तर आसनामागच्या आवरणाला टेल काउल म्हणण्याची रूढी आहे. एअर फिल्टर, बॅटरी, स्पार्क प्लग किंवा शीतकाची टाकी, कशापर्यंत पोहोचायचे तरी बहुतेक गाड्यांत आधी एखादे आवरण उतरवावे लागते. पहिल्या जुळणीत बसलेले आवरण आपणहून सहसा सुटत नाही. सुटते ते बहुधा एकदा उघडून पुन्हा लावलेले. त्यामुळे या नोंदीचा भर दुसऱ्यांदा बसवण्यावर आहे.

आवरण निसटल्यास केवळ शोभा जाते असे नाही. बेली पॅन मागच्या चाकाखाली आणि बाजूचे कव्हर त्याच चाकात किंवा साखळीत अडकू शकते. ताशी १०० किमी. वेगाला वाऱ्याचा गतिज दाब सुमारे ४६० पास्काल असतो. म्हणजे ०.१ चौ. मी. पृष्ठभागावर तो पूर्णपणे पडला, तर साडेचार किलोग्रॅम वजनाइतका जोर बसतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. सुटलेल्या कोपऱ्याखाली वारा एकदा शिरला की उरलेले स्क्रू फार काळ तग धरत नाहीत.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारसायकलींना आवरण जवळजवळ नव्हतेच. मडगार्ड, साखळीवरचे झाकण आणि अवजारांची पेटी एवढाच पत्र्याचा भाग असे आणि तो साध्या नट-बोल्टांनी सांगाड्याला जखडलेला असे. शर्यतींच्या गाड्यांवर १९५० च्या दशकात पुढचे चाकही झाकणारी ‘डस्टबिन’ फेअरिंग आली. आडव्या वाऱ्यात ती धोक्याची ठरते या कारणावरून ग्रां प्री शर्यतींत १९५८ पासून तिच्यावर बंदी आली. रस्त्यावरच्या गाड्यांत व्हिन्सेंट कंपनीची ब्लॅक नाइट व ब्लॅक प्रिन्स (१९५४-५५) आणि एरियल लीडर (१९५८) ही संपूर्ण झाकलेल्या बांधणीची ठळक उदाहरणे होत. होंडा सुपर कबच्या (१९५८) पायांपुढील ढाली पॉलिएथिलिनच्या होत्या. आवरण पत्र्याचे न राहता साच्यातून काढलेल्या प्लास्टिकचे झाले, त्यातला हा महत्त्वाचा टप्पा म्हणता येईल. बीएमडब्ल्यू आर १०० आरएस (१९७६) या गाडीपासून वातबोगद्यात घडवलेली पूर्ण फेअरिंग कारखान्यातूनच बसवून येऊ लागली. पुढे १९८० च्या दशकात शर्यतीच्या घाटाच्या गाड्या बाजारात आल्या आणि आवरणे, व त्यांबरोबर त्यांचे स्क्रू, झपाट्याने वाढले.

जोडसाधने : आवरण स्क्रूवर लटकलेले असते हा समज चुकीचा आहे. चांगल्या रचनेत भार घेतात ते आवरणाच्या पाठीमागचे हूक, खाचांत सरकणाऱ्या जिभा आणि ग्रोमेटमध्ये, म्हणजे छिद्रात बसवलेल्या रबरी कड्यात, घुसणारे खुंट. स्क्रूचे काम हे सगळे जागेवरून सरकू न देण्याचे. एखादी जीभ खाचेबाहेर राहिली आणि स्क्रू मात्र आवळला गेला, तर आवरण बाहेरून बसलेले दिसते, पण सगळा भार त्या एका छिद्राच्या काठावर येतो आणि तिथूनच ते तडकते.

स्क्रूंमध्ये एम ५ व एम ६ (५ व ६ मिमी. व्यासाची) ही मापे सर्वाधिक आढळतात. त्यांच्या आट्यांचे अंतर अनुक्रमे ०.८ व १ मिमी. असते. ते सांगाड्यावरच्या आट्यांत, आवरणाच्या काठावर सरकवलेल्या पत्र्याच्या यू-क्लिपमध्ये किंवा वेलनटमध्ये बसतात. वेलनट म्हणजे पोटात पितळी नट असलेली रबरी नळी; स्क्रू आवळला की रबर फुगून छिद्र धरते. पत्र्याच्या स्प्रिंगनटाची कल्पना अमेरिकेतील टिनरमन यांच्या शेगड्यांच्या कारखान्यातून, १९२० च्या दशकात आली असे मानतात. शेगडीवरचा चिनी मातीसारखा मुलामा साध्या नटाने आवळताना तडकत असे, त्यावरचा तो उपाय होता. ठिसूळ पृष्ठभागाला न दुखवता धरून ठेवण्याची हीच अडचण पुढे प्लास्टिकच्या आवरणांतही उभी राहिली.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या जोडसाधनाचे श्रेय सामान्यतः युक्रेनमध्ये जन्मलेले अमेरिकन अभियंते विल्यम झूस यांना दिले जाते. त्यांचे काम १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धातले धरतात आणि विमानांच्या एंजिनावरील झाकणांसाठी ते पसरले यावर फारसे दुमत नाही. मात्र वळवून बंद करायच्या खिट्ट्या मोटारींच्या कापडी पडद्यांवर त्याआधीही होत्या. झूस यांचे नवेपण खिट्टी वळवण्यात नसून, तिरक्या खाचेने स्प्रिंगची तार ओढून धरण्यात आणि त्यामुळे कंपनातही ताण टिकवण्यात होते, असे म्हणणे अधिक रास्त वाटते. शर्यतीच्या गाड्यांच्या फेअरिंगवर हीच जात आजही पसंत केली जाते. ती घाईत उघडते आणि बंद आहे की नाही ते खाचेच्या दिशेवरून लांबून दिसते.

स्क्रूच्या डोक्यावरची अधिक-चिन्हाची खाच हा आणखी एक वादाचा विषय. फिलिप्स खाच हेन्री फिलिप्स यांच्या नावावर असली, तरी मूळ कल्पना जॉन टॉम्प्सन यांची होती व फिलिप्स यांनी ती विकत घेऊन विकसित केली. १९३६ च्या सुमारास ती मोटारउद्योगात आली. ठरावीक जोरानंतर पेचकस आपोआप बाहेर उसळावा म्हणूनच ही खाच उतरती केली, असे वारंवार लिहिले जाते. पण सुरुवातीच्या पेटंटांत तसा हेतू स्पष्ट मांडलेला नाही. तो उल्लेख १९४९ मध्ये मंजूर झालेल्या नंतरच्या एका पेटंटात येतो. त्यामुळे हा गुण मागाहून चिकटवला गेला असावा, असे मानणाऱ्यांची बाजू अधिक भक्कम दिसते. कारागिराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जपानी मानकाप्रमाणे (जेआयएस) कोरलेली खाच दिसायला तशीच असते, पण फिलिप्सचे टोक तिच्या तळापर्यंत नीट टेकत नाही. अशा स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. चुकीच्या पेचकसाने खाच एकदा खाल्ली की पुढच्या देखभालीत तो स्क्रू निघत नाही, आणि तो काढताना आवरण फुटते.

सैल होण्याची कारणे : स्थिर अवस्थेत स्क्रू आपणहून उलटा फिरू शकत नाही. एम ६ स्क्रूच्या आट्यांचा चढ सुमारे ३.४° असतो, तर कोरड्या पोलादी आट्यांतील घर्षणकोन, म्हणजे ज्या उतारावर वस्तू आपणहून घसरू लागते तो कोन, साधारण ८° ते १०°. उतारापेक्षा घर्षण बरेच मोठे आहे. तरीही स्क्रू सुटतात. गुडियर व स्वीनी या संशोधकांनी १९४५ मध्ये याचा विचार स्क्रूच्या अक्षाच्या दिशेने पडणाऱ्या चढउतारी भाराच्या अंगाने केला. त्यांच्या प्रयोगांत थोडे सैलपण आढळले, पण संपूर्ण सुटका आढळली नाही. जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवले की खरा शत्रू आडवी हालचाल हा आहे. उतरत्या फळीवर ठेवलेली जड पेटी नुसती ठेवली तर घसरत नाही. पण तिला आडवे ढकलू लागले की ती आडवी सरकता सरकता उताराकडेही येते, कारण आडव्या घसरणीत घर्षण खर्ची पडलेले असते. स्क्रूचे आटे म्हणजे दंडाभोवती गुंडाळलेला असाच उतार. दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की प्रत्येक हेलकाव्याला स्क्रू किंचित मागे फिरतो. आज हे विवेचन सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जाते.

याचा एक उपसिद्धांत असा, की स्क्रूखालचा चिरलेला स्प्रिंग वॉशर फारसा उपयोगी नाही. पुरेसा आवळल्यावर तो सपाट होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो. नासाच्या १९९० च्या जोडसाधनविषयक पुस्तिकेतही हेच मत नोंदवलेले आहे. जुन्या कारागिरांचा मात्र त्यावर विश्वास आहे. हलक्या हाताने आवळलेल्या स्क्रूत तो थोडा काळ ताण टिकवतो, एवढ्यापुरता त्या विश्वासाला आधार देता येईल.

प्लास्टिकच्या आवरणांत, तथापि, स्क्रू न फिरताही जोड सैल होतो, आणि या नोंदीच्या विषयापुरते हे कारण युंकर यांच्या कारणाइतकेच, कदाचित त्याहून मोठे आहे. एबीएस किंवा पॉलिप्रोपिलीन या जातींचे प्लास्टिक सतत दाबाखाली ठेवले तर हळूहळू दबत जाते. स्क्रू थेट प्लास्टिकवर आवळला, तर काही दिवसांतच त्याचा ताण उतरतो. यासाठी छिद्रात धातूचे छोटे बुश, म्हणजे नळीचा आखूड तुकडा, घालतात. स्क्रूचे डोके बुशवर आणि बुश सांगाड्यावर टेकते. धातू धातूवर पक्का होतो आणि प्लास्टिक त्यांच्यामध्ये रबराच्या आधाराने किंचित हलते राहते. हे हलणे आवश्यक आहे. एबीएसचे उष्णताप्रसरण दर अंशाला सुमारे ८० दशलक्षांश, तर पोलादाचे सुमारे १२ दशलक्षांश असते. ६० सेंमी. लांबीचे आवरण ४०° से. तापले तर ते जवळजवळ २ मिमी. वाढते, सांगाडा मात्र ०.३ मिमी. सुद्धा वाढत नाही. छिद्रे लंबगोल का असतात त्याचे उत्तर या फरकात आहे.

देखभालीत सर्वांत जास्त हरवते ते हे बुशच. आवरण उचलताना ते ग्रोमेटमधून गळून एंजिनाच्या बगलेत पडते, आवाजही होत नाही. पुन्हा लावताना स्क्रू तेवढाच घट्ट लागतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. काही आठवड्यांनी आवरण खडखडू लागते, मग तोच स्क्रू आणखी आवळला जातो आणि छिद्राभोवती केसासारखी चीर उमटते. खडखडणाऱ्या आवरणाला पाना लावण्याआधी बुश जागेवर आहे का, हे पाहायला हवे.

फेरजोडणी : आधी सर्व हूक व जिभा आपापल्या खाचांत गेल्याची हाताने खात्री करतात. ग्रोमेट कोरडे असेल तर खुंटाला साबणाचे पाणी किंवा सिलिकोन ग्रीस लावतात. खनिज तेलाच्या ग्रीसने नैसर्गिक रबर व ईपीडीएम हे कृत्रिम रबर फुगते. नंतर सगळे स्क्रू दोन-तीन आटे बोटांनीच लावून ठेवतात, आवरण हलवून जागी बसू देतात आणि शेवटी आवळतात. एक स्क्रू आधीच पूर्ण आवळला, तर समोरचे छिद्र हमखास अर्ध्या मिलिमीटरने चुकते.

प्लास्टिकमध्ये स्वतः आटे पाडणारा स्क्रू लावताना तो प्रथम उलटा, डावीकडे फिरवायचा असतो. हलकासा ‘टक’ होऊन स्क्रू किंचित खाली पडतो. त्या ठिकाणी जुन्या आट्याचे तोंड असते. तिथून उजवीकडे फिरवले की तो जुन्याच वाटेने जातो. हा टक न ऐकता जोर लावला तर नवा आटा जुन्याला कापतो आणि दोन-तीन वेळांत छिद्राचा जीव जातो. पुश-पिनचेही, म्हणजे छिद्रात दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या खिट्टीचेही, असेच आहे. तिच्या एका प्रकारात मधली खिळी आत दाबली की पाकळ्या मिटतात आणि पिन बाहेर येते. पुन्हा लावण्यापूर्वी खिळी मागून ढकलून डोक्याबाहेर काढावी लागते, पिन छिद्रात घालावी लागते आणि मगच खिळी डोक्याच्या पातळीपर्यंत दाबावी लागते. खिळी पातळीखाली गेली की पाकळ्या पुन्हा मिटतात आणि पिन नुसती छिद्रात उभी राहते.

आवळण्याचा जोर सेवापुस्तिकेतूनच घ्यावा. धातूतल्या एम ६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर जोर लावतात. आवरणाच्या स्क्रूंना बहुधा त्याहून बराच कमी लागतो. थ्रेडलॉकर, म्हणजे हवा तुटल्यावर धातूच्या सान्निध्यात घट्ट होणारा द्रव, हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये विकसित केला. सांगाड्यावरच्या धातूच्या आट्यांत तो अल्प प्रमाणात चालतो, पण एबीएस व पॉलिकार्बोनेटवर ओघळला तर ताणाच्या जागी तडे पाडतो. ब्रेक ऑइल आणि पेट्रोल यांपासूनही आवरण जपावे लागते.

सगळे लावून झाल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून केबल व तारा कुठे चिमटत नाहीत हे पाहतात, इंडिकेटर पेटतात का ते तपासतात आणि आवरण व सायलेन्सर यांत बोट जाईल इतके अंतर आहे ना हे बघतात. थोडा प्रवास झाल्यावर प्रत्येक स्क्रू पुन्हा एकदा हाताखालून घालणे इष्ट.

उतरवलेली आवरणे उन्हात वा एकावर एक न रचता मऊ कापडावर, रंगीत बाजू वर ठेवून मांडतात. स्क्रूंची लांबी जागेनुसार बदलते. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतली तार किंवा रेडिएटर टोचू शकतो. पुठ्ठ्यावर आवरणाची रेघोटी काढून त्या त्या जागी स्क्रू खोचून ठेवण्याची जुनी रीत यासाठी सर्वांत खात्रीची. बुशही त्याच स्क्रूला अडकवून ठेवता येते.

तडकलेली जीभ दुरुस्त करण्याआधी आवरणाच्या आतल्या बाजूला साच्यातच उमटवलेले पदार्थाचे चिन्ह वाचावे लागते. एबीएस असेल तर ॲसिटोनसारख्या द्रावकाने त्याचे तुकडे एकजीव होतात. पॉलिप्रोपिलीनवर त्याचा परिणाम होत नाही. ते उष्णतेने, त्याच पदार्थाची कांडी वितळवून सांधावे लागते. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाशी २-३ मिमी. व्यासाचे छिद्र पाडतात, कारण चिरेच्या अणकुचीदार टोकाशी एकवटलेला ताण त्या गोल काठावर पसरतो.