शुष्क पानझडी रानातील शेळ्यांची चराई

हिवाळा सरताना पाने गाळणाऱ्या कोरड्या रानात शेळ्या दिवसभरात काय खातात, केव्हा आणि कशा खातात, याविषयीची ही नोंद आहे. महाराष्ट्रात मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळ्या मुख्यतः अशाच चराईवर पोसल्या जातात.

शेळी दिसेल ते खाते, हा समज खोटा आहे. गाय जिभेने गवताचा झुबका ओढते, शेळी वेचून खाते. बोरीच्या फांदीपाशी हे जवळून दिसते. बोरीला पानागणिक काट्यांची जोडी असते, एक काटा सरळ आणि एक आकड्यासारखा. शेळीचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला आणि भलता चपळ असतो. तो काट्यांमधून अलगद शिरतो, पान आत ओढतो आणि मानेच्या छोट्या हिसक्याने ते तुटते. वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने ती पान खालच्या दातांनी वरच्या हिरडीवर दाबते. चार घास झाले की पुढचे झुडूप. पाल्यातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, पोटात फार साचू नये, यासाठी हे भटकणे उपयोगी पडते. शिवाय तिच्या लाळेत टॅनिनला बांधून ठेवणारी प्रथिने असतात. उंचावरच्या डहाळीसाठी ती मागच्या पायांवर उभी राहते. तरवड, निर्गुडी मात्र ती सहसा टाळते.

चराईला दोन भर असतात, सकाळचा आणि उन्हे कलल्यावरचा. दुपारी कळप सावली धरतो आणि रवंथ करतो. पावसाळ्यात जाणते लोक दव वाळल्याशिवाय शेळ्या सोडत नाहीत, कारण ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात. झुडपाचा पाला जमिनीपासून उंच असल्याने तो त्या मानाने सुरक्षित असतो.

ऋतूप्रमाणे आहार पालटतो. पावसाळ्यात कोवळे गवत आणि वेलीही चालतात. पानगळ झाली की गळलेला पाला, अंजनाच्या डहाळ्या आणि बाभूळ-हिवराच्या शेंगा यांवर दिवस निघतात. राखणारा आकडीने फांद्या वाकवून देतो.

रोपांचे कोवळे शेंडे खुडले जात असल्याने, पुन्हा रान धरू पाहणाऱ्या जमिनीवर मोकाट चराई खरोखरच घातक ठरते. हिवरे बाजारसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदीसोबत चराईबंदी केली ती यामुळेच. परंतु ओसाड माळाचा सगळा दोष शेळीवर ढकलणे अन्यायाचे आहे. तोड आणि चराई एकाच जागी वर्षानुवर्षे चालली की रान उठत नाही. उलट बाभळीची शेंग खाल्लेली शेळी रात्री गोठ्यात रवंथ करताना टणक बिया तोंडातून टाकते. त्या बिया चांगल्या रुजतात, म्हणून रोपवाटिकेसाठी बाभळीचे बी शेळ्यांच्या गोठ्यातून झाडून गोळा करण्याची जुनी रीत आहे.