हवामान उपायांसाठी खासगी भांडवल (नागपूर)

हवामानबदलाचा वेग कमी करणाऱ्या प्रकल्पांत, विशेषतः स्वच्छ विजेच्या निर्मितीत, सरकारी तिजोरीबाहेरचा पैसा यावा म्हणून करार, हमी, अनुदान आणि कर्ज यांची जी सांगड घालतात, ती म्हणजे खासगी भांडवल उभारणी. २०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे ठरले, त्यातही खासगी भांडवल गृहीत धरलेले आहे.

सौर प्रकल्पाला इंधन लागत नाही; जवळजवळ सगळा खर्च उभारणीच्या वेळीच होतो. त्यामुळे युनिटचा दर मुख्यतः व्याजदरावर ठरतो आणि व्याजदर, वीज घेणारा पैसे वेळेवर देईल की नाही, यावर. नागपुरात उन्हाची वाण नाही, पण गुंतवणूकदार आधी वीजखरेदी करार वाचतो.

नागपूर मेट्रोच्या उभारणीसाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेने ५० कोटी युरोचे कर्ज दिले, ते सार्वजनिक स्वरूपाचे. स्थानकांच्या छपरांवरील सौर पॅनेलचा व्यवहार मात्र वेगळा आहे: पॅनेल खासगी विकासक स्वखर्चाने बसवतो, देखभालही तोच करतो आणि मेट्रो केवळ वापरलेल्या युनिटचे ठरलेल्या दराने पैसे देते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यातही हेच तत्त्व आहे. विकासक कृषी वाहिन्यांच्या (शेतीला वीज पोचवणाऱ्या तारांच्या) उपकेंद्रांजवळ प्रकल्प उभारतो, महावितरण त्याची वीज २५ वर्षे घेते आणि खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे मिळते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, हा यातला सर्वांत दृश्य लाभ. रात्री ओलितासाठी शेतात जाणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

घरगुती छतांवर गुंतवणूकदार स्वतः घरमालकच असतो. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, उरलेली रक्कम बचतीतून किंवा बँकेच्या कर्जातून येते. नेट मीटर, म्हणजे दोन्ही दिशांची वीज मोजणारे मीटर, लागले की बिलावर घेतलेले आणि ग्रिडला (वीजजाळ्याला) दिलेले युनिट वेगवेगळे दिसू लागतात, आणि परतफेडीचा हिशेब घरातलेच लोक करू लागतात.

बाहेरच्याला न सुचणारी एक अडचण नागपूरच्या उन्हातच आहे. सिलिकॉन पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. २५ अंशांवर त्याचे तापमान गेले की दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्याच्या दुपारी छतावरचे पॅनेल ६० अंशांच्या पुढे तापते, म्हणजे सावलीशिवायही दहा-पंधरा टक्के वीज कमी होते. कर्ज देणाऱ्या बँकेच्या अंदाजपत्रकात ही घट आधीच धरलेली असावी लागते.

भांडवल केवळ विजेत येते असेही नाही. नागपुरातील भांडेवाडी येथील सांडपाणी प्रक्रियेत खासगी भागीदारी आहे आणि शुद्ध केलेले पाणी महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीच्या औष्णिक केंद्रांना विकले जाते. पिण्याचे पाणी वाचते हे खरे, पण ग्राहक कोळशावर चालतो.